साइट थोड्या वेळासाठी बंद आहे

मंगळवार, ५ मार्च

ताई,

काल दुपारी ती माझ्या टेबलाच्या कडेवर टेकली, माझ्याच बाटलीतलं पाणी घटाघटा प्यायली आणि म्हणाली, "हे आपलं खटारं कधी बदलणारेस?" त्या क्षणी माझं सगळं बदललं. खटारं मात्र अजून तसंच आहे, म्हणून तुला लिहितोय.

ती म्हणजे आपल्या साप्ताहिकाची बातमीदार. तू नोकरी सोडून गेलीस त्यानंतर आली, त्यामुळे तुला माहीत नाही. बोलताना पेनाचं टोपण चावते. गाद्यांच्या दुकानावरच्या आपल्या त्या दोन खोल्यांत एकाही पेनाला आता धड टोपण उरलेलं नाही. आणि खटारं म्हणजे तू साइटसाठी बसवलेला सीएमएस, ज्यात आम्ही बातम्या भरतो आणि जिथून त्या साइटवर चढतात. बनवणाऱ्यांनीच जाहीर केलंय की महिनाअखेरीनंतर या जुन्या व्हर्जनला कुणी वाली नाही. भोक पडलं तर बुजवायला कुणी येणार नाही.

मी तिला म्हटलं, "उद्या करतो."

ती म्हणाली, "खरंच?"

ताई, त्या 'खरंच'साठी मी आणखी एकदा कॉलेज सोडायला तयार आहे.

संपादकांना विचारलं तर त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला. "चालतंय ना? मग हात लावू नकोस." हे त्यांचं सगळ्यालाच उत्तर असतं. पंख्यालाही, फ्रीजलाही, माझ्या पगारालाही.

फोन करत नाही. मी कॉलेज सोडलं तेव्हापासून आपण फोनवर तिसऱ्या वाक्याला भांडतो. तूच म्हणालीस ना, लिहीत जा, लिहिताना तरी तू मध्ये दम घेशील. तर मेल लिहितोय. अपग्रेडचं बटण समोर आहे. दाबू ना?

तुझा तडतड्या

गुरुवार, ७ मार्च

तडतड्या,

दाबू नकोस. अरे, मोहरीसुद्धा तेल तापेपर्यंत थांबते.

आधी ऐक. सीएमएसमध्ये मुळात दोनच खाने होते, मसुदा आणि प्रसिद्ध. मसुद्यातलं ऑफिसातल्या कुणालाही उघडून वाचता येतं, जाहिरातवाल्यालासुद्धा. संपादकसरांना तिसरा खाना हवा होता. लिहून ठेवलेलं, पण लिहिणारा आणि ते स्वतः सोडून कुणाच्या नजरेला न पडणारं. तसा खाना तेव्हा आयता मिळत नव्हता, म्हणून मी घरच्या घरी शिवून जोडला आणि त्याला नाव दिलं 'राखीव'. जुन्या कोटाला आतून लावलेला खिसा समज. आता तू कोटच बदलायला निघालास. नव्या कोटाला त्या खिशाची ओळख पटेल का? नाही पटली तर आतलं कुठे जाईल? मसुद्यात की थेट साइटवर? मला माहीत नाही, आणि तुला तर माहीत असण्याचा प्रश्नच नाही.

म्हणून अख्ख्या साइटची एक नक्कल काढ, तुझ्या कंप्युटरवर चढव आणि अपग्रेड तिच्यावर करून बघ. नक्कल मोडली तर कुणाचं काही जात नाही.

दुसरी गोष्ट. ती तुझ्या बाटलीतलं पाणी प्यायली, म्हणजे तिला तहान लागली होती. गुडघ्याला बाशिंग बांधून बसू नकोस. मामी विचारत होती, लेक वेळेवर जेवतो का.

बाळाला दात येतायत. घरात कुणीच झोपत नाही, त्यामुळे माझा सूर कडक वाटला तर तो तसाच आहे असं समज.

ताई

सोमवार, ११ मार्च

ताई,

आता थट्टा बाजूला ठेव.

शनिवारी तिची टँकरची बातमी छापली. गावाबाहेरचा रसायनांचा कारखाना घाण पाणी टँकरमध्ये भरून नदीत सोडतो. रोज किती टँकर भरून जातात आणि रिकामे येतात, हे आतल्या एकाने तिला सांगितलं. नाव अर्थातच छापलेलं नाही. छापल्यापासून आपल्या लॉगिनवर कुणीतरी सारखं ठोठावतंय. माणूस नाही, यंत्र. एकामागून एक पासवर्ड टाकून बघतंय. मी पासवर्ड बदलले, तरी ठोठावणं थांबत नाही.

आणि पुढचा भाग, त्या माणसाच्या नावासकट, तुझ्या त्या शिवलेल्या खिशात आहे. संपादकांचा हट्ट माहीत आहे ना तुला? कागद हरवतो, फोन चोरीला जातो, जे काय लिहायचं ते इथेच लिहा.

आज तिने मला मागच्या खोलीत बोलावलं, दार लोटलं आणि हळूच म्हणाली, "आतलं फुटलं तर एका माणसाची फक्त नोकरी जाणार नाही. याआधी ज्याने तोंड उघडलं, त्याचे दोन्ही पाय मोडले होते. तू हे सांभाळशील ना?"

मी म्हटलं, "मी आहे ना."

तिने माझा दंड धरला, ताई. नुसता शिवला नाही, धरला. आता म्हण तहान लागली होती.

जाहिरातवाला अस्वस्थ आहे. कारखान्याची मागच्या पानावरची जाहिरात त्यानेच आणलेली. दिवसभर तिच्या खुर्चीमागून फिरतो आणि स्क्रीनकडे बघत विचारतो, "काय मग, पुढचा बॉम्ब कधी?"

म्हणजे अपग्रेड केलं नाही तर बाहेरचे आत येतील, आणि केलं तर कदाचित आतलं बाहेर जाईल. कधी करू ते सांग. थांब म्हणू नकोस, थांबण्याचा मला आता कंटाळा आलाय.

तडतड्या

बुधवार, १३ मार्च

तडतड्या,

थांब म्हणत नाही. पासवर्ड बदललास ते बरं केलंस, पण भोक दारात नसून भिंतीत असलं तर कुलपं बदलून काय होणार? महिनाअखेरीची वाट बघू नकोस. या रविवारी दुपारी कर. लोक जेवून लवंडलेले असतात, साइटवर चिटपाखरू नसतं.

त्याआधी नक्कल. ती अजून केली नाहीस हे मला न सांगताही कळलं. शुक्रवारपर्यंत कर.

रविवारी घाई नको. आधी बॅकअप घे. मग 'साइट थोड्या वेळासाठी बंद आहे' ही पाटी चढव. ती असेपर्यंत बाहेरच्याला त्या ओळीशिवाय काही दिसत नाही. मग अपग्रेड कर. नव्या व्हर्जनमध्ये 'खाजगी' असा खाना आयताच आहे. राखीवमधलं एकूण एक पान हाताने त्यात हलव. सगळं हललं, दोनदा बघितलंस, मगच पाटी काढ.

एक सांभाळ. पाटी काढायचं बटण सरांच्या पॅनेलवरही दिसतं. त्यांना आदल्या दिवशी स्पष्ट सांगून ठेव, मी म्हणेपर्यंत हात लावू नका. आपण होऊन ते कशाला हात लावत नाहीत हे खरं, पण ज्या दिवशी लावतात त्या दिवशी नेमका नको तिथे लावतात.

दंडाबद्दल काही लिहीत नाही. घाबरलेलं माणूस जवळ जे असेल ते धरतं, एवढंच.

ताई

शुक्रवार, १५ मार्च

ताई,

नक्कल केली. तुझ्या खिशाची ओळख पटली नाही. राखीवमधलं सगळं प्रसिद्ध झालं. घाबरू नकोस, माझ्याच कंप्युटरवर. पण पहिल्या पानावर, ठळक अक्षरांत, फोटोसकट.

सगळ्यात वर तिचं पान. आणि त्याच्या डोक्यावर संपादकांसाठी तिने लिहिलेली टीप. मी ती वाचली. वाचायला नको होती, पण समोर आली तर काय डोळे काढून ठेवू? त्यात त्या माणसाचं नाव आहे. कारखान्याच्या वजनकाट्यावर असतो. आणि पुढे लिहिलंय: "तुम्हाला माहीत असायला हवं म्हणून सांगते, आम्ही दोघं लग्न करणार आहोत. म्हणून ही बातमी दुसऱ्या कुणाला द्यावीशी वाटली तर द्या."

एवढी प्रामाणिक. संपादकांना सांगितलं, बातमीदाराची मर्यादा पाळली. मला सांगायची गरज वाटली नाही. माझ्या टेबलावर बसून माझं पाणी प्यायची, आणि रोज "झालं का, झालं का" विचारायची ते त्याच्यासाठी. मी कोण? कुलूपवाला.

आज संध्याकाळी निघताना हसून म्हणाली, "रविवारी नक्की ना? मला आता तुझाच आधार आहे." मी मान हलवली. तोंड उघडलं असतं तर काय निघालं असतं मलाच माहीत नाही.

एक बटण आहे, ताई. काही खोटं करायचं नाही, कुणाला काही सांगायचं नाही. फक्त पाटी चढवायची राहून जायची. "अरेरे, विसरलो." कॉलेज सोडलेला पोरगा, त्याच्याकडून दुसरी अपेक्षा कोण करतो?

मला उपदेश करणारं पत्र पाठवू नकोस.

शनिवार, १६ मार्च, सकाळ

अरे वेड्या,

उपदेश नाही, विनवणी करतेय. तुझं पत्र चारदा वाचलं. तू रागात काय काय करतोस मी बघितलंय. मामाशी वाद झाला तेव्हा परीक्षेच्या हॉलमधून कोरी उत्तरपत्रिका ठेवून उठलास. तेव्हा नुकसान तुझं होतं. उद्या दुसऱ्याचे पाय असतील.

ती तुला काही लागत नाही, तो तर त्याहून नाही. मान्य. रड, भिंतीवर डोकं आपट, मला शिव्या घाल. पण उद्या ते काम तू करू नकोस. पुढच्या रविवारी मी येईन, आपण मिळून करू. आठवडा निघेल कसाही.

नुसतं "बरं" एवढं लिही. माझा जीव थाऱ्यावर नाही.

ताई

शनिवार, १६ मार्च, संध्याकाळ

ताई,

आठवडा निघणार नाही. आज ठोठावणं दुपटीने वाढलंय. उद्याच करतोय आणि मीच करतोय. जे व्हायचं ते एकदाचं होऊन जाऊ दे. त्यानंतर मी त्या ऑफिसात पाय ठेवणार नाही.

मला आता शिकवू नकोस.

रविवार, १७ मार्च, सकाळ

दवाखान्यातून फोनवर लिहितेय, बाळाला ताप भरलाय. तुला आत्ताच सांगते, नंतर दुसऱ्याकडून कळायला नको.

मी सरांना फोन लावला होता. ते फिरायला गेलेत, आल्यावर करतील म्हणाल्या काकू. आले की त्यांना सांगणार आहे, तुझा पासवर्ड बंद करा. कारणही सांगणार आहे, कारण दिल्याशिवाय ते हात हलवणार नाहीत.

तुला फोन का केला नाही, तर भीती वाटली. तू म्हणशील "करणारच", आणि माझ्या तोंडून असं काही निघेल की तू मुद्दाम करशील. आपलं तसंच होतं ना नेहमी.

मला नंतर माफ कर किंवा करू नकोस. पण दाबू नकोस रे.

ताई

रविवार, १७ मार्च, दुपार

ताई,

तुझं सकाळचं पत्र मी आत्ता वाचलं, संपादकांच्या घरी, त्यांच्याच कंप्युटरवर. सकाळी मी पत्रं बघत नव्हतो. दुपारपर्यंत धीर निघाला नाही, सकाळीच मी पाटी चढवत होतो.

हो. चढवली. बॅकअप घेतला, पाटी चढवली, अपग्रेड केलं, सगळं तू सांगितलंस त्याच क्रमाने. शुक्रवारी मनात जे होतं ते खरंच होतं, शनिवारी दुपारपर्यंतही होतं. मग ती ऑफिसात आली, मागच्या खोलीत जाऊन कुणाशी तरी फोनवर भांडली. "तू आजारी आहेस असं सांग ना, नको जाऊस उद्या." बाहेर आली तेव्हा तोंडात पेन नव्हतं, स्वतःचं नख चावत होती. बस, तिथेच माझा राग बसला. मोठेपणा वगैरे काही नाही, नुसता बसला, दूध उतू जाताना गॅस बंद करावा तसा. तुला लिहिलं ते 'होऊन जाऊ दे' त्यानंतरचं आहे. चार शब्द जास्त लिहिले असते तर तुला कळलं असतं. पण मला वाटलं, माझी ताई आहे, तिला कळेल.

तर अपग्रेड छान झालं. मी राखीवमधली पानं खाजगीत हलवायला घेतली, खालून वर. तिचं पान सगळ्यात वर, म्हणजे शेवटी. दोन राहिली होती. तेवढ्यात स्क्रीन उडाला आणि ओळ आली, तुम्हाला परवानगी नाही. आधी वाटलं नव्या व्हर्जनमध्ये काही बिघडलं. पुन्हा लॉगिन केलं, नाही. मग लख्ख कळलं. आणि त्यामागोमाग दुसरं कळलं, ज्याने माझी किल्ली काढून घेतली त्याच्यासमोर आता 'साइट सुरू करा' असं बटण आहे.

संपादकांना फोन लावला. व्यस्त. परत लावला. व्यस्त. ताई, तू त्यांच्याशी बोलत होतीस. मी इकडे ओरडतोय आणि लाइन तू अडवून धरलीयस.

धावलो. मधली गल्ली, ते बंद फाटक, त्यावरून उडी. संपादकांच्या घराचं दार उघडंच होतं. संपादक पायजम्यात, कानाला फोन, आणि तुला सांगतायत, "काळजी करू नको, बेट्याने साइटच बंद पाडली होती, मी सुरू केली." समाधानाने. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कशाला तरी हात लावला होता.

मी माउस हिसकावला. त्यांनी माझं मनगट धरलं. "दूर हो! तुझ्या बहिणीने सगळं सांगितलंय. पोरीच्या नादाने सूड उगवायला निघालास?"

"आधी पहिलं पान बघा!" मी ओरडलो. "बघा ना!"

त्यांनी बघितलं. चष्मा कपाळावरून आपोआप खाली आला. मग हात सोडला. मी पाटी परत चढवली, ती दोन पानं हलवली, दोनदा तपासलं. आता सगळं जागच्या जागी आहे. पण तेवढ्या वेळात ते नाव उघड्यावर होतं.

मागे वळलो तर ती दारात उभी. संपादकांनीच काकूंना फोन करायला लावून बोलावून घेतली होती, तिला माझ्यापासून सावध करायला. सगळं ऐकलेलं.

"खरंय?" तिने विचारलं.

"काय?"

"सूड."

"होता. काल दुपारपर्यंत होता."

"आणि दुसरं?"

"दुसरं आहे अजून," मी म्हटलं. "त्याला काही औषध नाही. तू आधी त्याला फोन लाव."

तिने फोन लावला. बंद. वजनकाट्यावरच्यांचे फोन पाळी संपेपर्यंत गेटवर जमा असतात. आणि तेवढ्यात संपादकांच्या फोनवर जाहिरातवाला. "साहेब, हे काय टाकलंत? सगळं नावासकट? कारखान्याचे लोक माझा गळा धरतील हो." म्हणजे त्याने बघितलं. संपादकांनी त्याला आईची शपथ घातली, तोही "छे छे, मी कशाला बोलतोय" म्हणाला. पण त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही हे तुलाही ठाऊक आहे.

तर आता असं ठरलंय. त्या माणसाला पाळी सुटायच्या आत, कुणी विचारायला येण्याआधी, बाहेर काढायचं. ती जायला निघाली होती, मी अडवली. बातमी आल्यापासून गेटवर तिला ओळखतात. संपादकांना तर अख्खा गाव ओळखतो. मला कुणी ओळखत नाही. कॉलेज सोडलेल्या पोराचा हा एक फायदा. गेटवर सांगायचं, घरी आजारपण आहे, न्यायला आलोय. तिने फोटो दाखवला. मला वाटलं होतं कुणी राजबिंडा असेल. साधा आहे, कान जरा मोठे आहेत. त्याला माझा भरवसा वाटावा म्हणून तिने एक गोष्ट सांगितली, त्या दोघांनाच माहीत असलेली. ती इथे लिहीत नाही. सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती. मीही बघत नव्हतो.

संपादकांची स्कूटर गॅरेजात आहे. शेजाऱ्याची मागायला ते खाली गेलेत, तेवढ्यात हे बडवतोय. ती खिडकीशी उभी आहे. मघाशी एकदाच बोलली, "भीती नाही वाटत?" मी म्हटलं, "वाटते. पण तुझ्यासमोर कशी सांगू?" आणि ताई, ती हसली. रडता रडता, पण हसली. मला एवढं पुरे. पुरत नाही, पण पुरे.

तुझ्यावर राग आहे. कुऱ्हाडीचा दांडा गोताला काळ, ती म्हण आज मला अर्थासकट कळली. मला एक फोन केला असतास तर भांडलो असतो, कडाकडा भांडलो असतो, पण पाटी खाली आली नसती. आणि मी संपादकांना आदल्या दिवशी सांगायचं होतं, तू लिहिलंही होतंस. मला शनिवारी कुणाचं तोंड बघायचं नव्हतं, म्हणून नाही सांगितलं. बघ, दोघांनी मिळून केलं. एकट्याला जमलं नसतं.

बाळाचा ताप उतरला का? उतरला असेल तर एक काम कर. संपादकांनी तुझं जुनं लॉगिन सुरू केलंय. मी येईपर्यंत साइट तू बघ. जुनी पानं कुठल्या शोधयंत्राने उचलून ठेवली असतील तर ती काढून टाकायला लिही. ठोठावणं मात्र थांबलेलं नाही, तरी नवी भिंत धडधाकट आहे. आणि मी गेल्यावर हिच्याशी फोनवर बोलत राहा. एकटी आहे. तू तिच्याशी भांडणार नाहीस.

तुझ्या मामीला यातलं काही सांगू नकोस म्हणणार होतो. माझी आईच ती, सांग. वेळेवर जेवतो एवढं मात्र खोटं सांग.

संपादक किल्ली घेऊन आले. धापा टाकतायत. "जपून," म्हणाले. ती दारापर्यंत यायला निघाली, मी नको म्हटलं. निघतो. दार मी माझं मीच ओढून घेतो.